फुसाएची वाटी

"मागच्या दारानं शिरते म्हणे रोज सकाळी, आणि निवानोसाननी या वयात—" एवढंच ऐकलंस ना, चिनात्सु? मीही एवढंच ऐकलं. मला बघितलं आणि त्या दोघी शेजारणींच्या तोंडाला कुलपं, एकदम मुळे निवडायला लागल्या – जसे काही सोन्याचेच मुळे! थांब, त्यांच्यामागे जाऊ नकोस. मला विचार. गल्लीत कोणाकडे काय शिजतं हे या त्सुकाकोशी मावशीला ठाऊक नसेल तर कोणाला असणार? अशी रोखून बघू नकोस गं. तुझ्या बाबांच्या घरात बाई जायची, हे खरं. मीच ती.

झालं काय – टोपली खाली ठेव आधी, हात भरून येईल – झालं काय, तुझी आई – माझी फुसाए – गेली, सगळे विधी झाले, तू तोक्योला परतलीस, आणि एका सकाळी तुमच्या स्वयंपाकघरातून काहीतरी उतू गेल्याचा वास. नाक खुपसायची माझी खोड तुला माहीतच आहे, गेले. तर निवानोसान पातेल्यासमोर उभे, आणि पातेल्यातून समुद्रपाला वर येतोय, ओट्यावर उतरतोय! सुका पाला मूठभर टाकला होता बाबांनी. चिमूटभर टाकायचा असतो, भिजला की अंग धरतो, हे त्यांना कोण सांगणार? जन्मभर आयती वाटी पुढ्यात आलेली. मी हसत सुटले. तेही हसले – आणि हसता हसताच म्हणाले, "फुसाएच्या हातचं मिसोचं सार एकदा प्यायचंय. तेवढं जमलं की झालं."

मग काय, लागलो कामाला. याच दुकानात यायचो, मी पुढे आणि ते मागून गाडी ढकलत. कोम्बूच्या, त्या जाड समुद्रपाल्याच्या, पट्टीवरचा पांढरा खार धुवायचा नाही, नुसती पट्टी पुसायची. सुक्या तारल्यांची डोकी आणि पोटातलं काळं काढायचं, नाहीतर सार कडू – ते चष्मा लावून एकेक मासा साफ करायचे, घड्याळ दुरुस्त करावं तसे. टोफू तळहातावर कापायला घाबरायचे, म्हणून मी माझा तळवा त्यांच्या तळव्याखाली धरला – म्हणजे, हात हलू नये म्हणून गं! दुसरं काय. मग एक वाटी त्यांची, एक माझी – माझी कसली, तुझ्या आईचीच, ती लाखेची, कडेला टवका उडालेली. रोज घोट घ्यायचे आणि मान हलवायचे. "चांगलं झालंय. पण तिचं नाही." आणि मला – काय सांगू तुला – बरं वाटायचं. म्हणजे उद्या परत जायचं. घरी एकटीसाठी मी काय करते? तयार साराची पुडी फोडते, गरम पाणी ओतते, उभ्याउभ्या पिते.

मग तो डबा सापडला. मी फ्रिज पुसत होते, तर खालच्या कप्प्यात, पार मागे, फडक्यात गुंडाळलेला – जवाचा मिसो. सोयाबीनमध्ये जव घालून आंबवलेला, क्युशूचा, तिच्या माहेरचा, गोडसर. आणि तुमच्याकडे तर आपला ओकाझाकीचा काळा-तांबडाच, निव्वळ सोयाबीनचा, दुसरा मिसो दिसला तर तुझी आजी ताटावरून उठायची! आता आठव, तुझी आई शेवटी गॅस बंद करून, सगळ्यांकडे पाठ करून ढवळायची की नाही? आपल्या तांबड्याला उकळी चालते गं, जवाच्याला नाही, वास उडतो. रोज एक चमचा माहेर घालत होती तुमच्या वाटीत, आणि एकालाही पत्ता नाही.

डबा हातात धरून मी उभी. ते अंगणात झाडांना पाणी घालत होते. परत मागे सारला असता तर कोणाला कळणार होतं? पण फुसाए माझीही मैत्रीण होती. ठेवला टेबलावर.

दुसऱ्या सकाळी त्यांनी एक घोट घेतला आणि तसेच बसून राहिले. डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं तरी पुसायचं भान नाही. मग उठले, माझ्यासमोरची वाटी उचलली – मी अजून तोंडही लावलं नव्हतं – आणि नेऊन तिच्या फोटोपुढे ठेवली. मग माझ्याकडे वळून कमरेत वाकले. "त्सुकाकोशीसान, फार त्रास दिला तुम्हाला. उद्यापासून माझं मला जमेल." मीही वाकले. काय करणार? मागच्या दाराशी गेले तर माझ्या चपला त्यांनी वळवून ठेवलेल्या, तोंडं बाहेर, पाय घालायला सोप्या. चांगला माणूस गं तुझा बाप. फार चांगला.

तेव्हा त्या दोघींचं ऐकून बाबांशी भांडायला जाऊ नकोस. बाई जायची, आता जात नाही. आणि बाकीचं जे काय कुजबुजतात, ते खोटं. त्यांच्या बाजूनं तरी.

... काही नाही. मी काही म्हटलं नाही. ही तारल्यांची पिशवी तूच ने, मी सवयीनं मोठी उचलली. आणि टोफू मऊ घे, त्यांना तोच लागतो. अगं, बघत काय उभी राहिलीस? वाट बघत असतील ते. जा.

जा ना. मला पुड्या घ्यायच्यात.