दोन शब्दांचं वर्ष

(कुंभकोणम, १९९३. कॉम्प्युटर सेंटरमध्ये कृष्णवेणी. आई रुक्मिणीबाई आणि वहिनी सुब्बलक्ष्मी डबा घेऊन आल्या आहेत.)

कृष्णवेणी : वैनी, डबा राहू दे. चार दिवस हे यंत्र तीच चूक करतंय, आणि उद्या मद्रासहून सर बघायला येणार!

सुब्बलक्ष्मी : कसली चूक?

कृष्णवेणी : यात मेंदूसारखं जाळं आहे, आकड्यांचं. व्याकरणाचा एकही नियम सांगायचा नाही. नुसती वाक्यं द्यायची. पुढचा शब्द यानं ओळखायचा, चुकला की आपलं आपण सुधारायचं. पण मी लिहिते, ‘जिला मुली हाका मारतात ती आजी...’ आणि हे म्हणतं, ‘हसतात’!

रुक्मिणीबाई : मुलींनीच फितवलंन् त्याला.

कृष्णवेणी : थट्टा नको गं, आई. रिसर्चची जागा जाईल माझी.

सुब्बलक्ष्मी : सगळी वाक्यं अशीच लांबलचक देतेस?

कृष्णवेणी : दहा हजार!

सुब्बलक्ष्मी : पहिल्या दिवसापासून? अय्यो! आडुतुरैहून मी या मराठी घरी आले, तेव्हा तमिळशिवाय काही येत नव्हतं. आई वर्षभर दोन शब्दांपलीकडे बोलल्या नाहीत. ‘पाणी आण.’ ‘दार लाव.’ मग तीन. मग कुठे ‘काल घासलंस ते पातेलं दे’. तोवर कान तयार झाला होता.

कृष्णवेणी : थांब, थांब! छोटी वाक्यं आधी... लांब मागून! वैनी, पाया पडते तुझ्या! सेंटरवाल्या व्यंकटरमणना सांग, आज लवकर बंद करायचं नाही!

रुक्मिणीबाई : नव्यानं शिकवायला लागून पाच तास झाले गो. अजून किती घरघरणार हे?

कृष्णवेणी : झालं! आता विचारते. ‘जिला मुली हाका मारतात ती आजी...’

सुब्बलक्ष्मी : ‘हसते’! वेणी, ‘हसते’ आलं!

कृष्णवेणी : थांब, उलटं विचारते. ‘ज्यांना आजी हाक मारते त्या मुली...’

सुब्बलक्ष्मी : ‘धावतात’! हेही बरोबर!

कृष्णवेणी : कुणी सांगितलं नाही याला! कुणीच नाही! आई, मी मद्रासला जाणार!

रुक्मिणीबाई : जा हो. आधी दहीभात गीळ.

सुब्बलक्ष्मी : आई, एक विचारू? ते दोन-दोन शब्द... मला वाटायचं, लेकानं आपल्या मनानं सून आणली म्हणून तुम्ही रागावलात. गच्चीवर जाऊन रडायची मी.

रुक्मिणीबाई : रागावल्ये असत्ये तर लांबलचक बोलल्ये असत्ये, सुब्बे. तुला अक्षर कळलं नसतं.