मागच्या रांगेतला आवाज

घशाच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी दोन बहिणी बसल्या होत्या.

"ताई, उद्या डॉक्टर तुझं स्वरयंत्र काढणार. आज तरी एकटीनं गा, मी रेकॉर्ड करते."

"इथं? लोक उठून जातील."

"जाऊ देत, आपला नंबर लवकर लागेल. तीस वर्षं मागच्या रांगेत कोरसच गात राहिलीस. गाण्याच्या सरांनी चारदा पुढं बोलावलं होतं ना?"

"माझा आवाज एकटीनं गायचा नव्हेच गं."

"असं कोण म्हणालं?"

"कुणीच नाही. मीच."

"गा आता."

"मला धृपदच येतं. कडवी कधी पाठच केली नाहीत. लागणार कुठं होती?"

"धृपद तर धृपद."

"तूही म्हण ना बरोबर."

"नाही. आज नाही."

थोरली घोगऱ्या आवाजात धृपद गायली. कडव्याइतका वेळ गप्प राहिली. मग पुन्हा धृपद गायली.