एक पुस्तक जास्त

…आणि तो हवालदार पेनाचं टोपण काढून मला विचारतोय, ‘बाई, चोरीला काय गेलंय?’ आता याला काय सांगू, गेलं काहीच नव्हतं हो, आलं होतं. म्हटलं, ‘पुस्तक आलंय.’ ‘कुणाचं?’ ‘माझंच.’ ‘कुठे आलंय?’ ‘माझ्याच दुकानात.’ त्याने टोपण हळूच परत लावलं आणि आजाऱ्याशी बोलतात ना तशा मऊ आवाजात म्हणाला, ‘घरी कोण कोण असतं तुमच्या?’ तुम्हाला सांगते, मी आपली पुस्तकं विकणारी बाई, मला काय गरज होती या भानगडीत पडायची?

पण पडले. त्याचं असं झालं, वर्षातून एकदा आम्ही दुकानातली सगळी पुस्तकं मोजतो, म्हणजे मी मोजते आणि आमचे हे ‘मोजून झालं का’ असं विचारतात. तर रहस्यकथांच्या कपाटात निघाली एकशे बारा. दुसऱ्या दिवशी एक ग्राहक काहीतरी मागायला आला म्हणून बघते तर एकशे तेरा. म्हटलं, मोजताना चुकलं असेल. तिसऱ्या दिवशी एकशे चौदा. बरं, जी नवीन आली ती नवीन नव्हतीच, चांगली पिवळी पडलेली. पहिल्या पानावर आमच्या दुकानाचा गोल शिक्का, सासऱ्यांच्या वेळचा, आमचा आता चौकोनी आहे. आणि सासऱ्यांची एक पद्धत होती, पुस्तक विकलं की शिक्क्याखाली निळ्या पेन्सिलीने तारीख टाकायची. या पुस्तकांवर शिक्का आहे, तारीख नाही. म्हणजे काय? म्हणजे ही विकलीच गेली नव्हती, कुणीतरी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी उचलली होती आणि आता गुपचूप आणून ठेवत होतं. हे मी एकटीने शोधून काढलं, भिंग नाही, काही नाही, नुसत्या चाळिशीच्या चष्म्याने.

यांना सांगितलं. हे बांधणीच्या खोलीत बसून कुठल्याशा शब्दकोशाला डिंक लावत होते. म्हणाले, ‘पुस्तकं येतायत ना? येऊ देत की.’ संपलं. या माणसाच्या डोक्यावर उद्या छप्पर जास्त झालं तरी म्हणेल, असू दे. सासऱ्यांना सांगितलं, ते ब्याऐंशी वर्षांचे, दिवसभर दाराशी खुर्ची टाकून बसतात. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, ‘तू चहा घेतलास का, अगं?’

पोलीस चौकीत जाऊन काय झालं ते सांगितलंच. मग करायचं कुणी? मीच. आयुष्यभर रहस्यकथा विकल्या, त्याहून जास्त वाचल्या, म्हटलं एवढंही जमणार नाही? तरी सांगते, मला काय गरज होती.

पुस्तकं यायची दुपारी तीन ते चारच्या मधे. त्या वेळेला दुकानात येणारी माणसं दोनच. एक समोरचा दातांचा डॉक्टर, तो शब्दकोडी चाळायला येतो आणि त्याच्याजवळ ही एवढी मोठी काळी बॅग. आणि दुसऱ्या मोठ्या बाई. मोठ्या बाई म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, आता निवृत्त झाल्यात, पण अर्धी गल्ली त्यांच्या हाताखालून गेलेली आहे. त्या नुसत्या समोरून आल्या तरी चांगले पन्नाशीचे पुरुष शर्टाचं वरचं बटण लावतात. त्यांच्यावर संशय घ्यायचा म्हणजे भिंतीवरच्या घड्याळावर संशय घेण्यासारखं. म्हणजे उरला डॉक्टर.

एके दिवशी तो निघाला तशी मी मागोमाग. तो दवाखान्यात शिरला, मी पण शिरले. टेबलापाशी बसलेली मुलगी म्हणाली, ‘काय होतंय?’ आता पाळतीवर आलेय असं कसं सांगणार, म्हटलं, ‘दाढ.’ पुढच्या दहा मिनिटांत मी त्या खुर्चीत आडवी, तोंडाचा आ, डोळ्यांवर दिवा, आणि एका डोळ्याने ती काळी बॅग बघतेय. त्यात काय होतं? डबा, छत्री आणि दोन मोजे. डॉक्टर म्हणाला, ‘बरं झालं वेळेवर आलात, खालची चांगलीच किडलीय.’ मला दुखत पण नव्हती हो ती. मी त्याच्यावर आठ दिवस पाळत ठेवून काही सापडलं नाही, आणि त्याने माझ्या तोंडात बघून दोन मिनिटांत गुन्हेगार शोधला. अर्धा गाल बधिर घेऊन घरी आले. हे म्हणाले, ‘आज गप्प का?’ खुशीत होते.

पण मी हटणारी नव्हे. दुसऱ्या दिवशी पावणेतीनला मी नकाशांच्या गठ्ठ्यामागे जाऊन बसले. मांडी घालून, गुडघे दुखतायत, धुळीने नाक हुळहुळतंय… आणि आल्या मोठ्या बाई. आल्या त्या सरळ रहस्यकथांच्या कपाटापाशी. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, कापडी पिशवीतून एक पुस्तक काढलं आणि सरकवलं, ते पण कुठेही नाही, बरोबर अक्षरवारीने, जिथे हवं तिथे.

म्हटलं, मोठ्या बाई! आता काय करू, उठू की न उठू, आणि तेवढ्यात ती शिंक आली. साधी नाही, गठ्ठा हलवणारी.

‘कोण आहे तिकडे?’ तोच आवाज, प्रार्थनेच्या रांगेतला. ‘बाहेर ये.’

आणि मी काय करावं? उभी राहिले, हात मागे बांधले आणि मान खाली घालून बाहेर आले. म्हणजे चोर पकडायला बसले मी, आणि पकडली गेले पण मीच. मला काय गरज होती, सांगा ना.

मग मी मान वर केली तर काय, बाई पिशवी छातीशी धरून उभ्या. त्या स्टुलावर बसल्या. मी कधी त्यांना बसलेलं बघितलंच नव्हतं. म्हणाल्या, ‘चौतीस आहेत. एकोणीस ठेवून झाली. पुढच्या आठवड्यात मुलगी मला तिच्याकडे न्यायला येतेय, सामान तीच बांधणार. तिला ही सापडली आणि तिने शिक्के बघितले तर…’

म्हटलं, ‘पण बाई, तुम्ही? विकत का नाही घेतलीत?’

‘अगं, मी शाळेत मुलींच्या दप्तरातून हीच पुस्तकं जप्त करायचे. तीच तुमच्या दुकानात येऊन कुठल्या तोंडाने मागू? जप्त केलेलं एक सहज उघडलं होतं, दुसऱ्या दिवशी तपासणी होती, तरी हातातून सुटेना. आणि बघते तर शेवटचं पान नाही. खून कुणी केला तेच कळेना. तीन दिवस जेवण गेलं नाही. म्हणून इथे आले, ते पुस्तक हातात घेतलं, तेवढ्यात एक पालक आत आले, आणि घाबरून मी ते पिशवीत टाकलं. तिथून सुरू झालं.’ मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘ते जप्त केलेलं पुस्तक तुझं होतं.’

मला आठवलं. शेवटच्या पानाची मागची बाजू कोरी होती, म्हणून मी ते फाडून मैत्रिणीला चिठ्ठी लिहिली होती. म्हणजे एवढा तपास करून, एक दाढ कोरून घेऊन, मी गुन्ह्याच्या मुळाशी पोचले कुठे, तर आठवी ब, तिसरा बाक, खिडकीकडची मी.

तेवढ्यात दारातून सासऱ्यांचा आवाज. ‘बाई, मला माहीत होतं.’ आम्ही दोघी गार. ते काठी टेकत आत आले. ‘खालच्या फळीचं उजवं टोक. नवीन आलं की मी मुद्दाम तिथे ठेवायचो, तुम्हाला वाकून कुणाला न दिसता घेता यावं म्हणून. आणि तुम्ही आलात की चष्मा पुसत बसायचो. चष्म्याशिवाय मला दिसत नाही, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.’

बाईंनी पिशवीची घडी केली. मग म्हणाल्या, ‘कधी विचारलं का नाहीत?’

‘इतक्या आवडीने वाचणारं गिऱ्हाईक तुटलं असतं.’

बाई आधी हसल्या, मग रडल्या, मग पुन्हा हसल्या. मी उगीच नकाशे सारखे केले. सासरे म्हणाले, ‘उरलेली पंधरा एकदमच घेऊन या. आणि मुलीला सांगा, दुपारची मला दुकानात मदत लागते, म्हणून इथून हलता येत नाही.’ आणि काय सांगू, मुलगी आली, भांडली, आणि आईला इतकं खूश बघून एकटीच परत गेली.

तेव्हापासून बाई रोज दुपारी दुकानात, सासऱ्यांच्या शेजारी दुसरी खुर्ची टाकून. मला आनंदच आहे, खरंच आहे. दोघं दुपारभर खून आणि विषप्रयोग याबद्दल इतकं गोड बोलत असतात. फक्त एकच आहे… कुणी गिऱ्हाईक रहस्यकथा हातात घेतली रे घेतली, की बाई चष्म्यावरून बघतात आणि सांगतात, ‘ठेव ते, माळ्यानेच मारलंय. वाचायचंच असेल तर व्याकरण वाच.’

आणि गिऱ्हाईक मुकाट्याने व्याकरण घेऊन जातं हो. काल मोजली. रहस्यकथा एकशे सेहेचाळीस, एक हलली नाही, आणि व्याकरणाची सगळी संपली.