वर गेलेला रजेचा अर्ज

हॅलो?… ताई, मीच. जहाजाच्या शिडीजवळच्या फोनवरून. बाबा कसे आहेत?… काय? मी आल्याशिवाय ऑपरेशनला जाणार नाही म्हणतात?… अगं, हृदयाची झडप बदलायचीय नि हट्ट लहान मुलासारखा!

हो, हो… अगं ऐक ना. अर्ज सोमवारीच दिलाय. रजा मंजूर झाली की नाही, तेच मला कळत नाहीये… नाही गं, कॅप्टनसाहेबांनी निर्णय दिलाय. पण तो अतिगुप्त आहे.

हसू नकोस!… सांगते. पूर्वी जहाजावर तीन कॉम्प्युटर होते. साधा, गुप्त, अतिगुप्त. मी तिन्ही एकात बसवले, मध्ये पक्क्या भिंती. खालचा कागद वर जातो, वरचं अक्षरही खाली येत नाही… हो, तेच, शाबासकी मिळाली होती ते. तर घाईत मी अर्जावर शिक्का निवडला ‘अतिगुप्त’… गेला वर!

मला परवानगी फक्त गुप्तपर्यंत… अगं, भिंत मी बांधली म्हणून मला पलीकडे थोडंच जाता येतं?

दुसरा अर्ज?… केला. मशीन म्हणतं, असा अर्ज आधीच आहे. कुठे आहे, ते सांगता येत नाही.

तोंडी?… तोंडी सांगणं गुन्हा आहे. साहेब म्हणाले, नियम तुम्हीच लिहिलात ना?… शिक्का उतरवायला दोन सह्या लागतात. एक साहेबांची. दुसरे अधिकारी रजेवर… हो, त्यांचा अर्ज साधा होता.

चिडू नकोस गं. मला काहीच वाटत नाही का?… थांब, साहेब येतायत.

जी सर… घरीच बोलतेय सर… वडिलांचं ऑपरेशन आहे. उद्या सकाळी नऊला… नाही सर, मी काहीच विचारत नाहीये… हो सर.

…ताई? आहेस ना?… गेले. म्हणाले, अर्जाबद्दल मी चकार शब्द काढू शकत नाही. आणि पहाऱ्यावरच्या शिपायाला म्हणाले, मॅडमना साडेचारच्या बसवर सोडून ये, बॅग जड असेल…

नाही गं, मंजूर झाली असं कसं म्हणू? नियमाप्रमाणे मला अजून काहीच माहीत नाही… बाबांना सांग, दिवेलागणीच्या आत पोचते… अगं, रडतेस काय वेडे! ठेव फोन, माझी बॅग भरायचीय!