चादरीतली सायकल

जपानी रेल्वेच्या साहेबांनो, सायकल झाकली की तिचं सामान होतं, हा नियम तुम्ही केलात आणि घरोघरी भांडणं लावलीत. शिंजुकू स्टेशनवर मात्सुमोतोच्या गाडीसाठी रांगेत होतो. पुढे एक मराठी जोडपं होतं, आणि चादरीत गुंडाळलेली सायकल.

"गुणवंत, ही माझी चादर आहे."

"धुवून देतो गं, उल्का."

"आतली सायकलही माझीच आहे! पुढे भाजीची टोपली, मागे आर्याची खुर्ची. हिच्यावरून तू जपानी आल्प्स चढणार?"

"पाय तर माझेच आहेत ना?"

"दोन जिने चढलास की कठडा धरतोस."

"ओकुदा-सानना शब्द दिलाय. बॉस आहेत माझे. सगळं ऑफिस घाटाच्या पायथ्याशी थांबलंय."

"सुमिमासेन, माफ करा," रेल्वेचा माणूस कमरेत वाकून म्हणाला, "पुढचं चाक काढून आत बांधावं लागेल."

"बघ, किती अदबीनं सांगतोय. पाना दे."

"काढशील. परत लावता येतं?"

"ओकुदा-सान लावतील."

"आणि नाही लागलं, तर उद्या आर्याला पाळणाघरात कशी नेऊ? मुळात शब्द दिलासच का?"

"पार्टीत त्यांनी विचारलं, भारतात घाट चढलात का? मी म्हटलं, दर रविवारी सिंहगड."

"सायकलनं?"

"तेवढं त्यांनी विचारलं नाही."

"तुझा फोन वाजतोय, माझ्या पर्समध्ये."

"त्यांचाच असेल. उचलू नकोस!"

"मोशी मोशी, ओकुदा-सान? मी उल्का. हो, देते. धर फोन, गुणवंत, आणि सांग त्यांना, सिंहगड चढताना माझ्या स्कूटरवर मागे कोण बसायचं?"