पाटीवरचं अक्षर

हे मी सांगायचं नव्हतं. आजोबांनी माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घातलेली... पण तुम्हाला सांगते, मनात ठेवून ठेवून माझं पोट दुखायला लागलंय, आणि ज्या एका मुलीला मी सगळं सांगते ती कल्पिता दीड महिना माझ्याशी बोलत नाही! का? माझं अक्षर चांगलं आहे ना, म्हणून!

म्हणजे बघा, मोहन्यात आमच्या घराला लागून आमची रिकामी जागा, आणि पलीकडे शिवरामकाकांचं घर. कल्पिता त्यांची मुलगी, माझ्याच वर्गात. ते सगळे शाळेला, दळणाला, रिक्षाला आमच्या जागेतूनच जायचे. कोणाचं काही म्हणणं नव्हतं! पण आजोबा भलत्याच कामासाठी नौपाड्यातल्या वकिलांकडे गेले, आणि वकील चहा पिता पिता म्हणाले, "काळुरामशेठ, नुकसान व्हायलाच हवं असं नाही हो. विनापरवानगी नुसतं पाऊल टाकलं तरी घुसखोरी! आणि वीस वर्षं वहिवाट चालू दिलीत, तर उद्या रस्त्याचा हक्कच मागतील." आजोबांनी बोटं मोजली. एकोणीस! घरी आले ते चप्पल न काढता ओरडतच, "नयन! ब्रश आन, पाटी लिव!"

आता पाट्या रंगवणारे काय कमी आहेत का मोहन्यात? पण नाही... माझं अक्षर चांगलं आहे ना! लिहिली मी. पट्टी लावून, रेघा आखून. 'खाजगी जागा. परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. टाकल्यास कायदेशीर कारवाई.' आजोबांनी ती हद्दीच्या दगडाला खेटून रोवली. सकाळी कल्पिता दप्तर घेऊन आली, थांबली, वाचलं. तिच्या सगळ्या वह्यांवर 'कल्पिता शिवराम' मीच लिहून देते हो, माझा 'श' तिला कळणार नाही? वळली आणि गटाराच्या कडेने लांबून गेली. मी खिडकीतच. हाक मारायला हवी होती... पण मला पटकन बोलताच येत नाही, लिहिता येतं फक्त!

मग शिवरामकाका पेटले. "जागा तुमची ना? मग होऊन जाऊ दे सरकारी मोजणी!" सोमवारी मोजणीवाले साहेब आले, तीन पायांवर मशीन उभं केलं, विचारलं, "हद्दीचा दगड कुठला?" आजोबा छाती काढून, "यो काय!" आणि ओट्यावरून आमची कमळाआजी, तांदूळ निवडता निवडता, "यो? अवो, यो त मीच सरकवलेला! नलाला पानी आला तवा, कापरां धुवाला!"

साहेब खोकले. मोजलं. खरी हद्द दगडापासून चार फूट अलीकडे, आमच्या बाजूला निघाली! म्हणजे घुसखोरी कोणाची? पाटीची! आमची पाटी दीड महिना काकांच्या जागेत उभी राहून काकांनाच दम देत होती! आजोबा उपटायला धावले, तर शिवरामकाका शांतपणे म्हणाले, "काळुरामशेठ, पाटी वाचली नाहीत का? परवानगीशिवाय पाऊल टाकू नये."

तेव्हापासून आजोबा दाराशी बसून पाटीकडे बघतात. येणारा-जाणारा म्हणतो, "झकास पाटी, शेठ!" हे मान हलवतात. गावाला कळायला नको म्हणून मला शपथ! शेवटी वकिलांना फोन केला. ते म्हणाले, लेखी परवानगी मागा. लेखी! 'आपल्या जागेत पाऊल टाकून आमची पाटी काढण्यास परवानगी मिळावी, ही विनंती.' लिहिणार कोण? नेऊन देणार कोण? काका ड्युटीवर, म्हणजे दार कल्पिताच उघडणार... आणि ओळखणार! मी ठरवलंय, अर्जाच्या खाली, अगदी बारीक, फक्त तिच्यासाठी एक ओळ घालायची, की...

"नयन! कागद आनलास का? का मीच लिवू?"

आले, आजोबा! बघितलंत? अर्ज त्यांचा, पाटी त्यांची, आणि लिहिणार पुन्हा मीच. काय करणार, माझं अक्षर चांगलं...