तिघांपुरती सॅक

आई : ते सगळं राहू दे. मुलगा कोण आहे, एवढंच सांग.

मुलगी : कुठला मुलगा, आई?

आई : तेच तर विचारतेय. सुट्टीला घरी येतेस काय, कपाटामागे सॅक भरून ठेवतेस काय! झाडू मारताना हाताला लागली म्हणून, नाहीतर तू गेल्यावरच कळलं असतं मला.

मुलगी : उघडलीस तू?

आई : उघडणारच. आत पुरुषाचा शर्ट आहे.

मुलगी : कॉलरचं बटण बघितलंस? तूच लावलंयस. बाबांचा आहे तो.

आई : बाबांचा शर्ट घालून कोण पळणार आहे तुझ्याबरोबर?

मुलगी : बाबा! आणि तू. तुझ्या बीपीच्या गोळ्या दिसल्या नाहीत आत? टॉर्च, शिट्टी, दोरी? दोरी घेऊन कुणी लग्नाला पळतं का?

आई : पळतात. खिडकीतून उतरायला लागते. मला शेंड्या लावू नकोस.

मुलगी : पुरासाठी आहे गं ती सॅक.

आई : पूर गेल्या वर्षी येऊन गेला.

मुलगी : तो पाहुणा म्हणून आला होता. पुढचा मुक्कामाला येईल.

आई : कोण भरवतं हे तुमच्या डोक्यात? युनिव्हर्सिटीत कसला गटबिट आहे का? खरं सांग.

मुलगी : गट कसला! वर्गात मॅडमनी विचारलं, तुम्ही पन्नाशीचे व्हाल तेव्हा हे शहर राहण्यासारखं असेल, असं कुणाला वाटतं? भरल्या वर्गात दोन हात वर. त्यातला एक आळस देत होता.

आई : मग?

मुलगी : मग काय, हसलो सगळे. चहा प्यायला गेलो.

आई : हसलात?

मुलगी : पुढचा तास होता ना. माझी रूममेट म्हणते, मी मूल होऊ देणार नाही. एकजण म्हणतो, बुडायचंच आहे तर परीक्षेसाठी जीव कशाला काढू. दुसऱ्याला वाटतं, कुणीतरी काहीतरी शोधून काढेलच, तुम्ही उगाच घाबरता. मी सॅक भरली. प्रत्येकाची आपापली तऱ्हा.

आई : आणि आम्हाला सांगावंसं वाटलं नाही?

मुलगी : तू हसली असतीस.

आई : हसलेच असते. थांब... हे तुझे बूट. हे माझे. हे यांचे. स्वेटर तीन. आत्याचं कुठंय?

मुलगी : हळू बोल.

आई : ताटं तीन. रेनकोटही तीनच. वन्संचं यात काहीच नाही?

मुलगी : आई, आधी दार लाव.

आई : म्हणून लपवलीस होय! आणि मी वेडी, मुलगा शोधत बसले.

मुलगी : गेल्या वर्षी तिला खुर्चीसकट वर कुणी नेलं? बाबांनी आणि वरच्या इलेक्ट्रिशियननं. तो घर सोडून गेला. बाबांची कंबर तेव्हापासून धरलीय. उरलो कोण? तू आणि मी.

आई : मग आपण दोघी नेऊ.

मुलगी : करून बघितलंय मी. हॉस्टेलवर तिच्या वजनाचं पोतं भरलं, पुस्तकांचं. रूममेटला खालून धरायला लावलं. जिन्याच्या पहिल्याच वळणावर दोघी पोत्यासकट खाली. पुन्हा केलं, पुन्हा पडलो. गुडघ्याला काय झालं म्हणून विचारत होतीस ना? हेच.

आई : आणि म्हणून तिला वगळलंस.

मुलगी : तिची वेगळी पिशवी होती सॅकमध्ये. काढायचे, परत ठेवायचे. घरी यायला निघाले तेव्हा काढली.

आई : मी दिवसभर शिवणाच्या मशीनवर असायचे. तिच्या मांडीवर वाढलीस तू. एका वेणीसाठी तासभर छळायचीस तिला.

मुलगी : माहितीये मला. नको ना बोलूस.

(चाकाच्या खुर्चीचा आवाज. आत्या दारात येऊन थांबते.)

आत्या : बोलू दे तिला. पाय गेलेत माझे, कान नाही.

मुलगी : आत्या...

आत्या : फोनवर वजन विचारलंस ना ठमे, तेव्हाच पाल चुकचुकली होती माझ्या मनात. हल्ली डॉक्टरसुद्धा विचारत नाही, ही कशाला विचारतेय?

आई : वन्सं, तुम्हाला माहीत होतं?

आत्या : माहीत कुठलं. अंदाज. म्हटलं, पोरगी मला उचलायचा हिशेब करतेय, की टाकायचा?

मुलगी : उचलायचाच गं. शप्पथ. तू सांगितलंस तेवढंच भरलं होतं पोतं. पण नाही झेपलं.

आत्या : तेवढंही नाही?

मुलगी : नाही.

आत्या : मी दहा किलो कमी सांगितलं होतं.